कासवाची पावलं

दुपारी तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी हे सुरू झालं. मुहूर्त टळेल म्हणून माझं लक्ष सारखं घड्याळाकडे, म्हणून वेळ पक्की आठवते.

इथे आखातात, अबू हलीफात, आमचं घर चौथ्या मजल्यावर. गौरीचा मुखवटा घेऊन मी लिफ्टपाशी उभी होते. शेजारच्या रेखाताई चमच्याने ताटली वाजवत होत्या, हळूच, कारण इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, आवाज झाला की कुरकुरत वर येतो. लिफ्टपासून घरात गौरीची पावलं काढायचं काम मी उर्वीला दिलं होतं. सहा वर्षांची आहे, हौस भारी.

रेखाताईंनी विचारलं, "गौर आली, कुणाच्या पावलांनी आली?"

मी तोंड उघडायच्या आत उर्वी म्हणाली, "कासवाच्या."

खाली बघितलं तर रांगोळीच्या प्रत्येक पावलाला तीनच बोटं.

उर्वीचे पप्पा हॉस्पिटलात टेक्निशियन. मागच्या महिन्यात मशिनचं ट्रेनिंग घ्यायला जपानला गेले होते. तिथल्या एका लहान गावाने पर्यटक यावेत म्हणून व्हिडिओ गेममधलं कंदीलवालं कासव जागोजागी उभं केलंय. स्टेशनपासून बाजारापर्यंत रस्त्यावर त्याची पावलं रंगवलीत, लोक त्या पावलांमागे फिरतात. ते फोटो उर्वीने शंभरदा पाहिलेले.

रेखाताई हसल्या. म्हणाल्या, यंदा गौरीबरोबर पाहुणा पण आला. मीही हसले आणि तशीच आत गेले.

त्या दिवसापासून घरात शेवाळाचा वास. बाहेर नुसती आग, आत एसी, आणि सोफ्यामागची फरशी ओली. पण खरं सांगते, मला बरंच वाटत होतं. एकटी कंटाळून रडणारी माझी पोर कोपऱ्यात कुणाशी तरी खुदूखुदू हसत होती. पुरणपोळी मागून खाल्ली, एक कोपऱ्यात ठेवली. मी म्हटलं, खेळू दे.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी ह्यांना सहज म्हटलं, त्या गावातली मुलं किती खूश असतील. हे म्हणाले, मुलं कुठली, सगळी म्हातारी माणसं उरलीत, शाळेला कुलूप आहे. गेममध्ये ते कासव वाटेत भेटेल त्याला गावात घेऊन येतं, म्हणून तर तेच निवडलं.

माझा घास तोंडातच राहिला. आपण आत येणारी पावलं काढतो... बाहेर जाणारी कोण काढतं?

रांगोळी संपली होती. मी पीठ घेतलं आणि गौरीपासून लिफ्टपर्यंत तीन बोटांची पावलं काढली, बाहेर तोंड करून. हात जोडून म्हटलं, आल्या वाटेने परत जा. विसर्जनाला तासभर होता. हे गाडी काढायला खाली गेले. मी उर्वीला कुशीत घेऊन पडले आणि डोळा लागला.

जाग आली तर कूस रिकामी. दार उघडं. पिठाच्या पावलांशेजारून लहान अनवाणी पावलं लिफ्टकडे गेलेली...

धावत दारात आले तर उर्वी समोरून चालत येत होती. तळवे पांढरे.

"आई, माझा फ्रेंड लिफ्टमध्ये थांबलाय. चल म्हणाला... मी म्हटलं, आईला विचारून येते."

मी तिला उचलून छातीशी धरलं. लिफ्टच्या बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हटलं, "नाही."

मग लिफ्ट हळूहळू खाली गेली.

तेव्हापासून फरशी कोरडी आहे. उर्वी शाळेत जाते, पोटभर जेवते. माझी पोर विचारायला परत आली, याहून मला काही नको.

पण काल दुसऱ्या मजल्यावरच्या प्रणिताच्या पायपुसण्यावर तीन बोटांचं ओलं पाऊल होतं. तिची आर्या अडीच वर्षांची. तिला अजून विचारायचं कळत नाही.

म्हणून बायांनो, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना एवढं कळवा. मुलाने विचारायची वाट बघू नका. दारात उभं राहून तुम्हीच मोठ्याने नाही म्हणा.