विरजणतास

त्या काळात तयार कॉम्प्युटर विकत आणणाऱ्याला लोक आळशी म्हणत. कराडच्या विद्यानगरात तर घरोघरी हाताने जोडलेला कॉम्प्युटर होता, आणि त्याचं कौतुक पोटच्या पोरापेक्षा जास्त. त्यात यशवंतराव ढवळे म्हणजे एसटीच्या डेपोत पस्तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. कॅबिनेट आलं, मदरबोर्ड आला, पॉवर सप्लाय आला. सोबतचं माहितीपत्रक न वाचताच त्यांनी सोफ्याखाली सरकवलं आणि पेचकस उचलला. सगळं जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले. डेपोतही उरायचेच, असं म्हणून ते त्यांनी खिशात टाकले.

पत्रक वाचलं असतं तर बरं झालं असतं, पण सांगणार कोण. प्रोसेसर ही वस्तू तोवर पार बदलली होती. पूर्वीसारखं त्याच्यावर काही कोरलेलं नसे. डबीत यायचं ते ओलं सिलिकॉन, जेलीसारखं. वीज मिळाली की तासाभरात ते घट्ट व्हायचं, आणि त्या तासात जे ऐकेल-पाहील तेच त्याच्या अंगात मुरायचं. लोक त्याला विरजणतास म्हणत. दही एकदा लागलं की लागलं, मग ढवळून उपयोग नाही. शब्दांचे अर्थ त्यात आधी भरलेले नसत. शब्द कानावर आला आणि त्यापाठोपाठ काय घडलं, एवढंच ते टिपायचं. जे घडलं तोच त्याच्या लेखी अर्थ. म्हणूनच पत्रकात ठळक छापलं होतं की या तासात फक्त घरच्यांनी, शांतपणे, रोजचं बोलावं.

यशवंतरावांनी कॉलनी बोलावली. अकरा जण हॉलमध्ये दाटीवाटीने बसले, मग त्यांनी थाटात बटण दाबलं. एक हिरवा दिवा लागला आणि पुढे काहीच झालं नाही. डब्याकडे माणूस बघून बघून किती बघणार? यशवंतरावांच्या पत्नी मालनबाई चहाचं विचारायच्या, जो तो नको नको म्हणायचा, चहा यायचा आणि नको म्हणणाराच तो पिऊन टाकायचा. मग एकेक जण उठू लागला. येतो हं, येते हं वहिनी, येऊ मग? तासाभरात अकराही जण गेले आणि दही लागलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात करमणूक सुरू झाली. मालनबाईंनी चहा नको म्हटलं की किटली आपोआप तापायची. ‘काही नाही’ असं त्या म्हणाल्या की कॉम्प्युटर यशवंतरावांना सावध राहायला सांगायचा, आणि हे मात्र त्याला अचूक कळलं होतं. यशवंतराव भलतेच खूश होते. भेटेल त्याला सांगायचे की असला नमुना अख्ख्या तालुक्यात नाही.

पण मालनबाईंनी कॉम्प्युटर नमुन्यासाठी घरात घेतला नव्हता. त्यांचा मुलगा सुहास सहा वर्षांपासून चंद्रावरच्या बर्फाच्या खाणीत होता. त्याचे निरोप सांभाळायचे आणि तो येणार म्हटलं की घराची तयारी करायची, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. जुने सगळे निरोप त्यांनी कॉम्प्युटरला ऐकवून ठेवले होते, आणि सुहाससाठी नवी गादी आणि अनारशाचं पीठही त्याच्याचकडून मागवलं होतं.

अश्विनात सुहासचा निरोप आला. "आई, दिवाळीला येतो."

कॉम्प्युटरने तात्काळ गादी रद्द केली, अनारशाचं पीठही रद्द केलं, आणि सुहासच्या खोलीतला दिवा-पंखा बंद केला.

मालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ताच्या आत्ता हे धूड उचला, म्हणाल्या. यशवंतरावांनी कॅबिनेट उघडलं, चारही बाजूंनी फुंकर मारली, उरलेले दोन स्क्रूसुद्धा बसवून पाहिले. शेवटी हात टेकले आणि समोरच्या डॉ. वझेबाईंना बोलावलं. ओलं सिलिकॉन जिथे घडलं त्या प्रयोगशाळेत बाईंची हयात गेली होती. विरजणतासाच्या दिवशी त्या पुण्याला होत्या, नाहीतर त्यांनी सगळ्यांना हाकललं असतं.

बाईंनी आधी कपाळावर हात मारला. मग कॉम्प्युटरला विचारलं की तयारी का मोडलीस.

"इथून अकरा माणसं येतो म्हणाली. अकराही दाराबाहेर गेली," तो म्हणाला. "सुहास पाच दिवाळ्यांना येतो म्हणाला. पाचही दिवाळ्यांना तो घरात नव्हता. आता सहाव्यांदा म्हणाला आहे."

वझेबाईंनी समजावलं की यात यंत्राचा दोष नाही, विरजण चुकलं. नवा प्रोसेसर घालू, या वेळी नीट बोलू, म्हणजे झालं. यशवंतरावांनी पेचकस उचलला आणि बायकोकडे पाहिलं.

"काढू ना?"

मालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. सहा वर्षं त्या एकाच शब्दावर तग धरून होत्या, आणि आज तो शब्द हातातून सुटला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "खोटं काय बोललं ते?"

वझेबाई अवघडून उठल्या. दारात सवयीने तोंड उघडलं, "बरंय मालनताई, ये..." आणि थबकल्या. डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "जाते मी."

त्या घरात उंबऱ्यावर उभं राहून असं कुणी कधी बोललं नव्हतं. मालनबाई दचकल्या.

"जाते म्हणजे काय?" कॉम्प्युटरने विचारलं.

वझेबाई तशाच बाहेर पडल्या. मालनबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि कॉम्प्युटरकडे न बघताच म्हणाल्या, "आता ती गादी नको."

कॉम्प्युटरने लगेच गादी मागवली. पाठोपाठ अनारशाचं पीठ मागवलं आणि सुहासच्या खोलीतला दिवा लावला. यशवंतराव घाईघाईने तो बंद करायला निघाले, तर मालनबाईंनी त्यांचा हात धरला.