ग्लास एकदाच वाजवायचा

दिवा जरा इकडे सरकवते, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल. टीव्ही मात्र लावू नका, एवढीच विनंती. फडक्याखाली झाकलाय, तसाच राहू दे. तुम्ही आपुलकीनं विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी काढत नाही. काढली की भीती नंतर वाटते. आधी संतापच येतो.

सुरुवात अगदी साधी. दुरुस्तीला दिलेला टीव्ही आणायला मी दुकानात गेले होते. तक्रार एवढीच, की संध्याकाळी प्रश्नोत्तरांचा खेळ लागला की मध्येच 'टण' असा आवाज व्हायचा. स्टीलच्या ग्लासवर चमचा मारावा तसा. दुरुस्तीवाला मागचं झाकण बसवता बसवता म्हणाला, "वहिनी, सेट ठणठणीत आहे. सगळा उघडून पाहिला. आवाज यातून येत नाही."

"मग कुठून येतो?"

"ते तुमचं घर जाणे. इथे रोज तोच कार्यक्रम लावून बसलो. एकदाही वाजला नाही."

आवाज कशाचा, ते मला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. सेट दुरुस्तीला टाकला, तो केवळ कुणाला तसं बोलावं लागू नये म्हणून.

आमच्या घराला या खेळांचं वेड लावलं ते मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. पाणीपुरवठ्यात त्यांची सगळी नोकरी गेली, जमिनीखालची गळती शोधण्यात. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, तिच्या टोकाला कान लावायचा आणि पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं. त्यामुळे त्यांचा एकच हेका: आधी पूर्ण ऐका, मग तोंड उघडा. संध्याकाळी खेळ लागला की आम्ही सगळे टेबलाभोवती जमायचो. मधोमध एक स्टीलचा ग्लास पालथा, शेजारी चमचा. उत्तर येत असेल त्यानं प्रश्न संपल्यावर ग्लास वाजवायचा आणि मगच बोलायचं. वाजवायचाही एकदाच. घाईनं दोनदा वाजवला की उत्तर बाद. हरेल तो भांडी घासणार, त्यात सासू-सून असा भेद नाही.

सासूबाई मुद्दाम मध्ये बोलायच्या. मामंजी चिडायचे. "ग्लास न वाजवता उत्तर दिलंस. बाद."

"लग्नात होकार देतानाही ग्लास वाजवला नव्हता मी. तोही बाद धरा."

ते हसायचे, आमचे हे हसायचे, धाकटे भावोजी तर ठसका लागेपर्यंत. भावोजींचं हसू सगळ्या गल्लीला माहीत. आधी नाकातून फुसकन, मग खो-खो, आणि शेवटी एक उचकी. बाजारात गर्दीत हरवले तर त्या उचकीवरून सापडतील, असं सासूबाई म्हणायच्या. मी या घरात आले तेव्हा बुजरी होते. कुणासमोर तोंड उघडायची नाही. मला बोलतं केलं ते त्या ग्लासानं. तो एकदा वाजवला की सगळं घर गप्प होऊन माझं ऐकत असे. असा मान किती जणींना मिळतो, सांगा.

पुढे मामंजींची त्या कार्यक्रमात निवड झाली. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. इस्त्रीचा कोट घालून गेले, सोबतीला भावोजी. घरचा चमचा खिशात ठेवला होता, शकुन म्हणून.

प्रश्न होता, तीन हृदयं आणि निळं रक्त असलेला जीव कोणता. मामंजींनी प्रश्न पुरता ऐकून घेतला. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीनं हात बटणाकडे गेलाच नाही. समोर पाण्याचा ग्लास होता. त्यांनी खिशातून चमचा काढला आणि त्यावर वाजवला. टण. आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "ऑक्टोपस."

तो सूत्रसंचालक, ज्याला सासूबाई त्याच्या चकचकीत कोटामुळे चमकी म्हणत, त्यानं कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. "आजोबा, जेवण अजून वाढलेलं नाही." सगळा हॉल हसला. मग म्हणाला, बटण दाबलं नाहीत, उत्तर धरता येत नाही. शेजारच्या पोरानं बटण दाबलं आणि तेच उत्तर दिलं. तेच, अक्षर न् अक्षर. त्याला मात्र 'बरोबर'. त्याच्यावर रंगीत कागदांचा पाऊस.

नियम म्हणजे नियम, मला मान्य आहे. पण माणसाचं हसं करायचा नियम कुठल्या पुस्तकात आहे? तेवढा तुकडा लोकांनी फोनवर एकमेकांना पाठवला. मामंजी चहाला बाहेर गेले की कुणीतरी बशीवर चमचा वाजवायचं. केशकर्तनालयात कात्री वाजवायचे. ज्यांच्या दारातली गळती त्यांनी उन्हातान्हात कान लावून शोधली होती, तीच माणसं. ते बाहेर पडेनासे झाले. मग टेबलावर येईनासे झाले. एका दुपारी मी पाणी द्यायला गेले, तर छताकडे बघत म्हणाले, "उत्तर बरोबर होतं ना गं?"

"होतं, मामंजी."

"तू म्हणून काय उपयोग. त्यानं म्हणायला हवं."

त्या दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

मी देवापुढे नेम धरला. त्या माणसाच्या तोंडून मामंजींसाठी 'बरोबर' निघत नाही, तोवर खेळातलं एकही उत्तर माझ्या तोंडून निघणार नाही. जे आवडतं तेच सोडायचं असतं, नाहीतर तो नेम कसला. हे म्हणाले, "देव काय चॅनेल चालवतो?" मी म्हटलं, चालवत नसेल, पण बघत असेल. ग्लास धुऊन पुसून त्यांच्या फोटोजवळ, दिव्याशेजारी पालथा ठेवला. चमचा खणात.

आणि त्यानंतर आवाज सुरू झाला. प्रश्न संपला की... टण. एकदाच. बघावं तर ग्लास जागच्या जागी, पालथा. फक्त बोट लावलं तर आत काहीतरी थरथरत असल्यासारखं लागायचं.

दुरुस्तीहून आणलेला सेट लावला, त्याच संध्याकाळी जाहिरात आली. कार्यक्रमाचा खास भाग. जुन्या गमतीजमती, पोट धरून हसा. आणि जाहिरातीत सर्वांत आधी कोण? आमचे मामंजी. चमचा वर धरलेले.

मी चॅनेलला फोन केला. गोड आवाजाची मुलगी होती.

"मॅडम, ती क्लिप लोकांना फार आवडते."

"ते वारलेत, बाई."

"अरेरे... मग श्रद्धांजलीच समजा ना."

मी फोन ठेवला. देवाधर्माची बाई मी, कुणाला शाप देत नाही. त्या दिवशी ओठ घट्ट मिटून दिव्यापुढे बसले, कारण ते उघडले असते तर काय निघालं असतं, ते मलाच माहीत नव्हतं.

भावोजी म्हणाले, "वहिनी, वायरच काढून ठेवू त्या दिवशी. कशाला बघायचं?" चेहरा उतरला होता त्यांचा. मला वाटलं, दुःखानं.

सासूबाई म्हणाल्या, "बघायचं. सगळं गाव त्यांना हसत असताना घरच्यांनी पाठ फिरवायची होय?"

तेव्हा बसलो. दिवेलागण झाली होती. टेबलाभोवती आम्ही चौघं, पाचवी खुर्ची रिकामी. फोटोजवळच्या दिव्याला काजळी धरत होती आणि खोलीत ओल्या मातीचा वास येत होता. खणलेल्या रस्त्याचा येतो ना, तसा. मामंजी कामावरून आले की त्यांच्या कपड्यांना यायचा. सासूबाईंनी पदर नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

ती क्लिप लागली. प्रश्न झाला. मामंजींनी चमचा काढला, ग्लास वाजवला, उत्तर दिलं. चमकीनं डोळा मारला. जेवण अजून वाढलेलं नाही. हॉल हसला...

आणि मग हसू कमी होऊ लागलं. कुणीतरी एकेक नळ बंद करत जावा तसं. या कोपऱ्यातलं थांबलं, त्या रांगेतलं थांबलं. चमकीचा जबडा तसाच उघडा, पण आवाज नाही. पडद्यावर मामंजी हळूच वाकले. समोरच्या ग्लासला त्यांनी कान लावला, सळईला लावायचे तसा, डोळे मिटून. हे त्या क्लिपमध्ये नव्हतं. ती मी किती वेळा पाहिली असेल, देवाशपथ हे नव्हतं.

सगळे नळ बंद झाले. एक राहिला. एकच माणूस हसत होता, हॉलमध्ये कुठेतरी पुढच्या रांगेत. आधी नाकातून फुसकन. मग खो-खो. आणि शेवटी... उचकी.

मी भावोजींकडे पाहिलं. ते माझ्या शेजारी बसले होते. तोंड घट्ट मिटलेलं, त्यावर दोन्ही हात. आणि हसू चालूच होतं.

मामंजींनी डोळे उघडले. चमकीकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही, पडद्यातून थेट आमच्या टेबलाशी, भावोजी बसले होते त्या खुर्चीकडे बघितलं. पूर्वी गळती सापडली की म्हणायचे, तशाच दमलेल्या आवाजात म्हणाले, "घरातच आहे."

मग जाहिरात लागली. साबणाची.

शेवटी भावोजींनी तोंडावरचे हात काढले. "मी घाबरून हसलो, आई... सगळे बाबांकडे बघत होते. मला वाटलं आपण आधी हसलो की ती गंमत होईल... अपमान होणार नाही..."

"म्हणजे पहिला तू," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "अख्खं जग हसलं असतं तरी त्यांनी झटकून टाकलं असतं रे. ते हसू त्यांनी ओळखलं होतं. घरी येऊन बोलले नाहीत, तुला वाचवलं. आणि तू त्यांच्या डोळ्यांदेखत ताटावर बसून जेवत राहिलास."

आजवर चमकीवर होता तेवढा सगळा संताप माझ्या घशाशी आला. पण भावोजी लहान मुलासारखे रडत होते. मी उठून त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या ग्लासातून.

दुसऱ्या दिवशी खेळ थेट प्रसारित होणार होता. चमकी प्रश्न विचारत होता, पण धड उभं राहवत नव्हतं त्याला. मध्येच थांबला. आम्हाला दिव्याजवळून 'टण' ऐकू आलं, आणि त्याच क्षणी त्यानं दचकून उजवीकडे पाहिलं. तिथे कुणी स्पर्धक नव्हता. त्याच्या कपाळावर घाम चमकत होता.

"बरोबर," तो म्हणाला. "आजोबा, तुमचं उत्तर... बरोबर होतं."

आवाज आधी आला आणि ओठ नंतर हलले. पण शब्द निघाले. सासूबाईंनी फोटोला हात जोडले. माझा नेम फळाला आला होता. दिव्यात तेल घालताना माझे डोळे भरून वाहत होते आणि ग्लास, बोट लावून पाहिला, अगदी शांत होता.

मग आम्ही तो परत टेबलावर आणला. पुन्हा खेळू लागलो. न सांगता भावोजी रोज भांडी घासायचे. हे म्हणायचे, "अरे, आज तू जिंकलास." ते म्हणायचे, "असू दे." मी पुन्हा उत्तरं देऊ लागले. तुम्हाला सांगते, माणसं चुकतात, पण घर पुन्हा जुळतं, हा माझा विश्वास अजूनही आहे.

एका सकाळी आम्ही चौघं नाश्त्याला बसलो होतो. खिडकीतून लख्ख ऊन. टीव्ही बंद, वायर भिंतीतून काढलेली. चमचा खणात. ग्लास टेबलाच्या मधोमध, पालथा.

टण.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघू लागलो. आधी प्रश्न, मगच ग्लास, हा घरचा नियम. सासूबाईंचा घास हातातच राहिला. खोलीत वास आला, पण ओल्या मातीचा नव्हे. कसला ते मला अजून सांगता येत नाही.

"वहिनी..." भावोजी अगदी हळू म्हणाले, "प्रश्न काय होता?"

कुणीच ऐकला नव्हता. मी फोटोकडे पाहिलं, मनात म्हटलं, मामंजी, तुमचंच घर आहे, निवांत सांगा, आम्ही ऐकतोय.

तेवढ्यात ग्लास दुसऱ्यांदा वाजला.

मामंजी कधीही दोनदा वाजवत नसत.