बोलणाऱ्याचा रकाना

वेल्ह्याच्या गेनबा पाटलांची रतन आणि मानसिंग मास्तर यांचं लग्न माघात झालं. मात्र हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालावं. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं, आणि कचेरीच्या मते तर त्या दोघांत पुढेही राजकीय असं काही घडलं नाही.

श्रावणातली भुरभुर होती. साल एकोणीसशे अडतीस. ओढ्यातल्या दगडांवरून रतन पलीकडे निघाली होती आणि पलीकडून एक पोरगेला माणूस अलीकडे. दगड एका वेळी एकालाच पुरणारे. माणूस क्षणभर थांबला, आणि गुमान पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत भिजला.

"मास्तर दिसताय," रतन म्हणाली.

"कशावरून?"

"आमच्यातलं कुणी असतं तर आदी व्हाणा हातात घेतल्या असत्या."

मास्तरांनी खाली पाहिलं. एक वहाण पायात होती. दुसरी नोकरीचा नाद सोडून कानंदी नदीकडे निघाली होती.

मास्तर परमुलखी होते. म्हणजे त्यांचं गाव डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, इंग्रजांच्या खालशात. वेल्हं अलीकडे, संस्थानात. पलीकडच्या म्हशी रोज हद्द ओलांडून अलीकडचं गवत खात आणि संध्याकाळी परत जात. त्यांना कुणी परमुलखी म्हणत नसे. पण त्या कार्तिकात मामलेदार कचेरीतून हुकूम आला की, शाळांमधले परमुलखी विद्यार्थी व शिक्षक यांनी राजकीय भाषण करू नये. केल्यास हद्दीबाहेर घालवण्यात येईल. ते काय बोलतात हे गावातल्या साक्षर इसमानं ऐकून, रकाने आखून, दर आठवड्याला लिहून धाडावं. त्या इसमाचा कागद हाच पुरावा, दुसरा नाही.

वेल्ह्यात साक्षर तिघं. एक मास्तर. दुसरे तलाठी, पण ते महिन्यातून दोनदा उगवत. तिसरी मराठी सातवी पास झालेली रतन. गेनबांनी तिला गावदेवी मेंगाईची शपथ घालून कामावर बसवलं.

शाळा मारुतीच्या देवळात भरे. रतन दौत-टाक घेऊन खांबाशी बसली.

"बोला, मास्तर."

"काय बोलू?"

"काय बी. मी लिव्हाया आलेय."

"असं समोर बसल्यावर… मला बोलायला सुचत नाही."

रतननं लिहिलं: सोमवार. बोलणाऱ्याचे नाव, मानसिंग निगडे. काय बोलला, 'असं समोर बसल्यावर मला बोलायला सुचत नाही.' कोणास बोलला, मला. कागद परत आला तेव्हा त्यावर तांबड्या शाईत शेरा होता: राजकीय नाही. चालू ठेवावे.

ते चालू राहिलं.

मंगळवारी मास्तर अडीचकीचा पाढा म्हणाले. बुधवारी म्हणाले, "आज केसात कसलं फूल आहे?" रतननं उत्तरासकट लिहिलं. कचेरीनं विचारलं, 'कोरांटीस काही राजकीय अर्थ आहे काय? खुलासा व्हावा.' रतननं खुलासा धाडला की, कुंपणाला तेवढंच फुललं होतं.

"सगळं लिहायलाच पाहिजे का?" एकदा मास्तरांनी विचारलं.

"शपथ हाय."

"म्हणजे तुमच्याशी जे बोलेन ते मामलेदारही वाचणार."

"त्यांचा कारकून बी. त्यो मोठ्यानं वाचतो म्हनं."

"मग मी नुसता बघत बसेन."

"बघा की. बघन्याला रकाना न्हाई."

मास्तर बघत बसले. त्या दिवशीचा कागद कोरा गेला. कचेरीनं शाबासकी दिली.

पौषात एक गोष्ट झाली, ती रतनलाही कळली नाही. तारीख ती लिहीत होती, बोलणं लिहीत होती. 'बोलणाऱ्याचे नाव' या रकान्याशी मात्र तिचा टाक नुसता थबकायचा… आणि पुढच्या रकान्यात जायचा. कारकुनाला वाटलं, शाई वाचवते.

त्याच महिन्यात चावडीपुढे दहा-वीस माणसं शेकत बसली होती; त्यांत मास्तर होते, आणि टाक घेऊन रतनही. ठकुबाई, जिला गावात कुणी गप्प बसवू शकत नसे, ती म्हणाली, "मास्तर, ही पोर तुमचं समदं लिव्हती, ती कशापायी?"

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "ज्याला दुसऱ्याचं बोलणं लिहून घ्यावं लागतं, त्याला त्या बोलण्याची भीती वाटत असते. तुम्ही बोलत जा. बोलणं हा गुन्हा नव्हे."

रतनचा टाक थांबला. नाही लिहिलं तर मेंगाईची शपथ मोडली. लिहिलं तर मास्तर डोंगरापलीकडे. रात्रभर ती कागदाकडे बघत राहिली. सकाळी तिनं अक्षर न् अक्षर लिहिलं, आणि कागद धाडून चुलीपुढं बसून रडली. धूर लई झालाय, असं आईला सांगितलं.

चौथ्या दिवशी मामलेदार घोड्यावरून आले. चावडीत गाव जमलं. मास्तर खांबाशी उभे राहिले, गठुडं बांधूनच.

"हे वाक्य बोललं गेलं?" मामलेदारांनी रतनपुढे कागद धरला.

"व्हय."

"कोण बोललं? इथं नाव नाही."

रतननं कागदाकडे पाहिलं. मग मागच्या कागदांकडे. तीन आठवड्यांचा तो रकाना कोरा होता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नाव सांग, पोरी."

"कसं घेऊ, सायेब? हितं बाबा बसल्यात."

"बाबांचा काय संबंध?"

"बाईमानसं… नाव घेत न्हाईत."

"नवऱ्याचं घेत नाहीत! मास्तर तुझा कोण?"

बाहेर घोडा गवत चावत होता ते चावडीत ऐकू आलं. गेनबांच्या हातातली तंबाखू सांडली.

"हे बी लिव्हायचं का?" रतननं विचारलं.

मामलेदारांनी ठकुबाईकडे मोर्चा वळवला. "तुम्ही ऐकलंत ना? कोण बोललं?"

"तिनं न्हाई घेतलं, तर आमी कशाला घ्यावं? तिचा मान हाय त्यो."

मामलेदारांच्या घरी बावीस वर्षांत त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. नाव नसलेल्या माणसाला हद्दीबाहेर कसं घालवायचं, याचं कलम हुकुमात नव्हतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी काही बोलू का?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही मुळीच बोलू नका!"

पण मास्तर रतनकडे वळले होते. "रतनबाई… लिहा. म्हणावं, मला इथंच राहायचं आहे. तुम्ही लिहीत असाल तर जन्मभर बोलेन." जरा थांबून ते म्हणाले, "नावाचा रकाना कोरा सोडा."

रतननं लिहिलं. 'जन्मभर' जरा मोठं आलं.

मामलेदारांनी तिथंच तांबड्या शाईत शेरा मारला: राजकीय नाही. मग कुळं पाहिली गेली, ती जमली, आणि माघात काय झालं ते आपण वाचलेलं नाही.

फाल्गुनात कचेरीचा कागद आला. लग्नानंतर बायको नवऱ्याच्या गावची समजली जाते. सबब मुलींच्या वर्गावर शिकवू लागलेली रतनबाई, जन्म वेल्हे, हीही आता परमुलखी शिक्षक ठरते. तिचं बोलणं ऐकून लिहिण्यास साक्षर इसम नेमावा. योग्य नाव सुचवावे.

रतननं त्याच दिवशी उत्तर लिहिलं:

'मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार परमुलखी बाई विनंती करते की, माझे बोलणे ऐकण्यास माझ्या यजमानांस नेमावे. त्यांनी रोज, हातातले काम बाजूला ठेवून, शेवटपर्यंत ऐकावे. मी राजकीय बोलल्यास त्यांनी मध्येच थांबवू नये. ऐकू आले नाही तर पुन्हा मोठ्याने बोलावयास सांगावे. या कामावरून त्यांची बदली, बढती किंवा सुटका करू नये. आणि दोघांपैकी एक मागे राहिल्यास, जे राहील त्याचे बोलणे सरकारने स्वतः वेल्ह्यास येऊन, उंबऱ्याशी बसून ऐकावे. कळावे, हे विनंती.'