पट्टीतली मोकळी खाच

कतारगामच्या गल्लीत देवदाराचा वास येईल असं नूतनला कधी वाटलं नव्हतं. हिऱ्यांच्या कारखान्यांसमोरच्या गर्दीतून ती मोपेड काढत होती आणि... तो आला. राळेचा, गार, थेट हिमाचलच्या उतारावरचा. तिने ब्रेक दाबला.

बाजूच्या सुताराच्या दुकानात एक तरुण देवघराच्या देवदारी फळीवर रंधा मारत होता. केसांत भुसा, आणि डोळे... डोळ्यांकडे आपण नंतर पाहिलं, असं ती अजूनही सांगते.

"देवघर पाहिजे?"

"नाही, भाई. मधोमध खाच असलेली पट्टी पाहिजे." सुरतेत भेटेल तो भाई, तसा तोही भाई. तिने पिशवीतल्या नळीतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढली.

"हाई काय शे?" त्याच्या तोंडून घरची अहिराणी निसटली आणि तो लाजला. नूतनला हसू आलं. तिचे वडीलही धुळ्याहूनच इथे लूमवर आलेले.

"जिवंत देवदारातून काढलेला नमुना. झाडाला काही होत नाही. डोंगरावर जंगल संपतं तिथे उन्हाळा उबदार असला की झाडाचं त्या वर्षाचं वलय जाड होतं, गारठला की बारीक. शेकडो वर्षांचं हवामान आहे यात. तेव्हा तिथे थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं?"

"म्हणजे झाडानेच ध्यानात ठेवलं," वाल्मिक म्हणाला. नाव दुकानाच्या पाटीवर होतं. तो तिला तेव्हाच आवडला. पण काम डोक्यावर असताना वितळून चालत नाही.

कांडी खाचेत चिकटवायची आणि सँडपेपरने बारीक घासायची, असं ठरलं. शनिवारी ती आली, तेव्हा कांडी आरशासारखी चमकत होती. वाल्मिकने तिच्यावर लाखेचं पॉलिश चढवलं होतं!

"देवाचं लाकूड कोरडं कसं देऊ?" तो अभिमानाने म्हणाला. देवघरं घडवणाऱ्या हाताची ती रीतच होती.

नूतन मटकन स्टुलावर बसली. "चकाकीत वलयांच्या कडा स्कॅनरला दिसत नाहीत. नमुना नीट असेल तरच प्रयोगशाळेतल्या मॅडम मला ऑक्टोबरात डोंगरावर नेणार. आणि दुसरा नमुना आणायला डोंगरावरच जावं लागतं."

त्याचा चेहरा उतरला. "माले काय माहीत... पण चढवलंय मी, उतरवीनही मीच."

"जोर लागला तर वलयंच जातील."

"मग तुम्ही भिंग धरा. थांब म्हणाल तिथे थांबतो."

रडत बसणाऱ्यातली ती नव्हतीच. तिने ओढणी कमरेला खोचली. दुपार सरली, चहा निवला, दोन डोकी एका भिंगावर वाकलेली. हळूहळू एकेक वलय उघडं पडू लागलं.

"माझं जन्मवर्ष कुठलं?"

सालीकडून मोजत तिचं बोट थांबलं. "हे. अगदी बारीक आहे."

"गारठ्यातला माणूस मी."

"हात तर गरम आहेत—" ती बोलून गेली. सँडपेपर थांबला. दोघांनीही वर पाहिलं नाही.

संध्याकाळी वलयं लख्ख दिसली. तिचा जीव भांड्यात पडला. मग पट्टीकडे लक्ष गेलं. सालीच्या टोकापुढे वीतभर खाच मोकळीच होती.

"पट्टी लांब झाली तुमची."

"मुद्दाम केली. झाड उभंय ना अजून? पुढची वर्षं कुठे ठेवाल?" तो भुसा झटकू लागला, जो आता उरलाच नव्हता. "आणि... ती ठेवायला तुम्हाला इथेच यावं लागेल. तुम्ही मला आवडता."

नूतनने पट्टी पिशवीत जपून ठेवली. "मी डोंगरावर जाणार. कुणासाठी थांबणार नाही."

"थांबू नका. म्हणून तर दुपारभर घासत बसलो."

तिने मोपेड सुरू केली आणि पुन्हा बंद केली.

"मी परत आले की घरी ये. बाबांसोबत चहा घ्यायला."

"काय म्हणून येऊ?"

"ते मी आजच बाबांना सांगते," ती म्हणाली. "फक्त, भाई म्हणून येऊ नकोस."