अलक्ष्यवीराची टेंगळं

बाबाच्या कपाळावर त्या आठवड्यातलं चौथं टेंगूळ आलं, ते पोस्टाच्या पेटीमुळे. पोस्टाची पेटी लालभडक असते आणि आमच्या विक्रमनगरातली पेटी गेली चाळीस वर्षं एकाच जागी उभी आहे. ती धावत येऊन बाबाला धडकली असेल, असं मला काही वाटलं नाही.

माझा बाबा सुपरहिरो आहे. यात विशेष काही नाही. विक्रमनगरात दर तीन घरांमागे एक सुपरहिरो निघतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू गच्चीत पापड वाळत घालायला उडत जातात. या सगळ्यांच्या शक्ती 'धूमकेतू कॉर्पोरेशन' बनवते. उडायचे बूट, पोलादी हातमोजे, भिंतीपलीकडचं बघायचा चष्मा, सगळं त्यांच्याच कारखान्यातलं, दोन वर्षांच्या हमीसकट. बाबाला त्यांनी एक पट्टा दिला होता. कमरेला बांधून बटण दाबलं की बाबा अदृश्य. त्याचं कामावरचं नाव अलक्ष्यवीर. घरातलं नाव दिगू.

कोडं असं होतं, की पट्टा बंद असताना बाबा कशालाही धडकत नसे. जमिनीवर सुई पडली तर सगळ्यांत आधी त्यालाच दिसायची. पण अदृश्य झाला की मग खांब, दार, म्हैस, काहीही.

"बाबा, खरं सांग," टेंगळावर बर्फाची पिशवी धरत मी विचारलं. "अदृश्य झाल्यावर तुला काय दिसतं?"

बाबाने आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "काहीच नाही."

"म्हणजे अंधुक दिसतं?"

"म्हणजे काहीच नाही, मुक्ता. गेल्या महिन्यात मी दरोडेखोर म्हणून ज्यांना धरलं, ते बँकेचे मॅनेजर निघाले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत."

"मग कंपनीला सांगायचं ना."

बाबाने कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. सतरा तक्रारअर्ज. प्रत्येकाखाली एकच शेरा: 'तक्रारदाराची समक्ष तपासणी केली. दोष आढळला नाही.'

त्याचं असं होतं. धूमकेतूचा नियम होता, की तपासणीच्या वेळी तक्रारदार अधिकाऱ्याला समोर दिसला पाहिजे. नाहीतर खुर्चीत कोण बसलंय हे कसं कळणार? म्हणून बाबा पट्टा बंद करून बसायचा. अधिकारी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगायचे. बाबा सगळ्यांत खालची ओळसुद्धा घडाघडा वाचायचा. डोळे ठणठणीत, तक्रार बंद. शेवटच्या वेळी तर त्यांनी बाबाचं अभिनंदनही केलं होतं.

"गुरुवारी चाचणी आहे," बाबा म्हणाला. "संचालक चिटणीस साहेबांसमोर. मोठ्या दालनात सामान मांडून ठेवणार. मी अदृश्य होऊन कशालाही न धडकता पलीकडे पोचायचं. नाही जमलं तर पट्टा परत."

"आणि मग?"

"मग काय, पूर्वीसारखे विजेचे मीटर वाचायला जाईन. त्यातही मजा असते." असं तो म्हणाला खरं, पण बर्फाची पिशवी त्याने उलटी धरली होती. पाणी कॉलरमधून आत चाललं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"आपण शकुआत्याला विचारू," मी म्हणाले.

"नको. पट्टा ताईनेच बनवलाय. तिला वाईट वाटेल."

शकुआत्या ही बाबाची मोठी बहीण. धूमकेतूच्या प्रकाश-प्रयोगशाळेत ती शास्त्रज्ञ आहे. दुसऱ्या दिवशी मी बाबाला तिच्यासमोर नेऊन उभं केलं आणि सगळं सांगून टाकलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सतरा अर्ज केलेस आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?" ती म्हणाली. "दिगू, तू गाढव आहेस."

"हो ताई."

तिने कोपऱ्यातला प्रोजेक्टर सुरू केला. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एका म्हशीचं चित्र आलं.

"मुक्ता, म्हैस कुठे दिसते?"

"पडद्यावर."

आत्याने पडदा काढला आणि तिथे स्वच्छ काच उभी केली. काचेवर म्हैस नव्हती. ती काचेतून आरपार जाऊन पलीकडे उभ्या असलेल्या बाबाच्या शर्टावर उमटली होती. बाबाला म्हशींचा आधीच वाईट अनुभव असल्यामुळे तो जरा बाजूला सरकला.

"पडद्याने प्रकाश अडवला, म्हणून चित्र उमटलं," आत्या म्हणाली. "काचेने अडवलाच नाही. आता डोळा घे. पुढे बाहुली (प्रकाश आत शिरायचं भोक). तिच्यामागे भिंग (प्रकाश वळवून नेमक्या जागी आणणारा भाग). आणि सगळ्यांत मागे दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा). दृष्टिपटल प्रकाश अडवतं, शोषून घेतं आणि मेंदूला निरोप धाडतं: समोर म्हैस आहे."

"आणि पट्टा काय करतो?"

"अंगावर पडलेला प्रकाश अडवत नाही, वळवतही नाही. सरळ आरपार जाऊ देतो. म्हणून पलीकडची भिंत दिसते आणि माणूस दिसत नाही."

मी त्या काचेकडे बघत राहिले. मग मला ते कळलं.

"आत्या, पट्टा सुरू झाला की बाबाचं दृष्टिपटलही काच होतं. प्रकाश डोळ्यात शिरतो आणि डोक्याच्या मागून निघून जातो. आत थांबतच नाही."

"थांबला नाही तर?"

"निरोप नाही. जो माणूस प्रकाश जराही अडवत नाही, तो कुणाला दिसणार नाही, पण त्यालाही काही दिसणार नाही."

आत्या स्टुलावर बसली. "सहा वर्षं मी एवढंच बघत होते, की लोकांना दिगू दिसू नये. दिगूला लोक दिसतात का, हे विचारायचंच राहिलं."

"जाऊ दे ताई," बाबा म्हणाला. "माझी फारशी कुणाशी ओळखही नाही."

"पण मग डोळे अदृश्य करायचेच नाहीत," मी म्हणाले. "तेवढे सोडून बाकीचा बाबा करायचा."

आत्याने मान वर केली. "समुद्रात काही माशांची पिल्लं अशीच असतात. अंग काचेसारखं, पलीकडचं पाणी दिसतं. डोळे मात्र काळेच. म्हणजे त्यांनाही दुसरा उपाय सापडलेला नाही."

तिने लगेच पट्ट्यात फेरफार केला. बाबाने बटण दाबलं आणि दोन पांढरे डोळे हवेत तरंगू लागले. तेवढ्यात चहा घेऊन पांडुरंगकाका आत आले. त्यांनी डोळ्यांकडे बघितलं, ट्रे नीट टेबलावर ठेवला आणि दोन दिवसांच्या रजेचा अर्ज देऊन घरी गेले.

मग पांढरा भाग झाकायला आत्याने डोळ्यांवर मोठ्या काळ्या लेन्स बसवल्या, मधे बाहुलीपुरतं भोक ठेवून. आता हवेत फक्त दोन जांभळं दिसत होती. "ताई," जांभळांच्या जरा खालून बाबाचा आवाज आला, "तुझे केस पिकलेत की गं." त्याला दिसत होतं.

गुरुवारी दालनात खुर्च्या, स्टुलं, एक शिडी आणि मधोमध पाण्याचा माठ असं सगळं मांडलं होतं. चिटणीस साहेब कडेच्या टेबलाशी फायलीत डोकं घालून बसले होते.

"सुरू करा," ते वर न बघता म्हणाले.

जांभळं निघाली. दोन खुर्च्यांच्या मधून गेली. शिडीखालून वाकून गेली. अर्धं दालन पार झालं, आणि तेव्हाच साहेबांनी मान वर केली.

"हे भुंगे कुणी आत सोडले?"

आम्ही काही सांगायच्या आत साहेब फाइल घेऊन उठले आणि त्यांनी जोरात फटका मारला. फाइल बाबाला लागली असती, तर 'धडकला' अशी नोंद झाली असती. पण जांभळं झटकन खाली बसली. फाइल वरून गेली. साहेबांनी उलट्या हाताने मारलं. जांभळं डावीकडे. साहेब खुर्चीवर चढले. जांभळं माठाच्या मागे. एकूण चौदा फटके झाले आणि चौदाही हुकले. पंधराव्या फटक्याला साहेब स्वतः माठावर पडले.

दालनात पाणी पसरलं. जांभळं पलीकडच्या भिंतीशी पोचली आणि तिथे बाबा प्रकट झाला.

"साहेब, लागलं तर नाही?" त्याने विचारलं.

साहेब ओल्या फायलीसकट जमिनीवर बसून होते. "लोणकर, तुम्हाला माझी फाइल दिसत होती?"

"हो. हिरवी आहे."

"मग आधी तुम्ही धडकत का होता?"

आत्याने तो सतरा अर्जांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी अर्ज एक एक करून वाचले.

"अदृश्य माणसाची तपासणी तो दिसत असताना केली," शेवटी ते म्हणाले. "सतरा वेळा. हा नियम कुणाचा?"

"खाली सही तुमची आहे," मी दाखवलं.

साहेबांनी सही नीट बघितली. आपलीच आहे याची खात्री पटल्यावर ते उठले. "पट्टा लोणकरांकडेच राहील. आणि उद्यापासून प्रत्येक शक्ती सुरू ठेवूनच तपासायची."

उद्यापर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. अर्ध्या तासात ही बातमी कारखानाभर झाली आणि आत्याच्या प्रयोगशाळेबाहेर रांग लागली. सगळे नावाजलेले सुपरहिरो होते आणि सगळे एकमेकांची नजर चुकवत होते. आत्याने मला टेबलाशी बसवलं, कोरे कागद दिले आणि पहिल्याला आत बोलावलं.

आत आली ती विद्युल्लता, विक्रमनगरातली सगळ्यांत वेगवान बाई. तिने दार लावून घेतलं आणि माझ्याजवळ वाकली.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मी पळते तेव्हा तोंडात चिलटं जातात."

"बसा," मी पेन उघडत म्हणाले. "आपण शोधून काढू."