नुत्साआत्याच्या घरावरची पंगत

ज्वालामुखी चढायला माणसं काय काय घालून येतात ते बघायचं असेल, तर सकाळी आमच्या बसपाशी येऊन उभं राहावं. कुणी चपला, कुणी पांढऱ्या चड्ड्या. एकदा एक नवी नवरी उंच टाचांचे बूट घालून आली आणि वर मलाच विचारते, "वरपर्यंत फरशी आहे ना?" बूट, काठ्या, डोक्यावरची हेल्मेटं आमच्या बसच्या पोटात असतात. मी ती वाटते, नाड्या आवळायला लावते आणि एकच गोष्ट बजावते. मी थांबा म्हटलं की थांबायचं, फोटो राहिला तरी.

मी वेनेरा. या एत्ना डोंगरावर वाटाडी म्हणून पंधरा वर्षं झाली. त्याआधी कातानियाच्या विद्यापीठात दगडांचंच शास्त्र शिकले, त्यामुळे भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. आमच्या गावातल्या बायका डोंगराचं नाव घेत नाहीत. नुसतं 'ती' म्हणतात. ती रुसलीय, ती उठलीय, तिला भूक लागलीय. मी आपली वेधशाळेचे हादऱ्यांचे आलेख बघते आणि राखेसाठी छत्री घ्यायची की नाही ते ठरवते.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी आलेख अगदी सरळ होता. डोंगर गाढ झोपलेला. एरवी मी खूश असते अशा दिवशी. पण त्या दिवशी पुढच्या सीटवर आमच्या सहलींचा मालक स्वतः बसला होता, ओरात्सिओ, अत्तर मारून, नवा कोट घालून. शेजारी प्रांताच्या वारसा समितीच्या बाई. आणि त्याच्या पायाशी, घोंगडीत गुंडाळलेली संगमरवरी पाटी.

पाटीवर काय कोरलंय ते मला ठाऊक होतं. 'येथे ओरात्सिओच्या घराण्याचं घर होतं. ते डोंगरानं घेतलं.' समितीनं मान डोलावली की ती पाटी तिथे कायमची बसणार होती.

खोटं. धादांत खोटं. ते घर माझ्या नुत्साआत्याचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी लाव्हा खाली आला, तेव्हा तो निघाला होता ओरात्सिओच्या खाणावळीकडे, त्या हिरव्या खिडक्यांच्या, जिथे तो राहतोही. सगळ्यांनी पाहिलं होतं. लाव्हा म्हणजे काही पूर नव्हे. म्हातारं माणूस काठी टेकत येतं ना, त्याहून सावकाश येतो, पण येतो. आणि एका पहाटे बघतो तर खाणावळीच्या वरच्या अंगाला मातीचा नवाकोरा बांध, आणि लाव्ह्याची जीभ डावीकडे वळलेली, आत्याच्या हेझलनटच्या बागेकडे. बांध घालणारं यंत्र कुणाचं ते गावाला कळलं. कोर्टात मात्र कुणाला काही आठवेना. यंत्र चालवणारा तर थेट अर्जेंटिनाला पोचला.

आत्या रडली नाही, ओरडली नाही. आमच्याकडे जुनी रीत आहे, घर जाणारच असेल तर तिला, म्हणजे डोंगराला, पाहुणी म्हणून घरात घ्यायचं. आत्यानं घर झाडलं, पुसलं, पांढरी चादर अंथरून टेबल मांडलं. पाव, ऑलिव्ह, वाईनचा पेला. एक खुर्ची जरा मागे ओढून ठेवली आणि दार सताड उघडं टाकून आत्या उंबऱ्यात जे बोलली ते शब्द मी शेजारी उभी राहून ऐकलेत. लाव्हा खिडक्या फोडून नाही आला. दारातून आत गेला.

त्याच हिवाळ्यात आत्या वारली, समुद्राकाठच्या एका भाड्याच्या खोलीत. शेवटी शेवटी म्हणायची, "ती त्याच्याकडे निघाली होती गं. त्यानं तिला माझ्या दारात आणून सोडलं. मी वाढलं, माझी तक्रार नाही. पण त्याचं आमंत्रण राहिलंय."

पुढे ओरात्सिओनं ती दगड झालेली जमीन मातीमोलानं घेतली आणि सहलीत एक नवी गंमत घातली, लाव्ह्यावरचं जेवण. बरोबर आत्याच्या घराच्या डोक्यावर लांब टेबल. एक रिकामी खुर्ची, तिच्यासमोर भरलेला पेला, आणि मग हा उठून डोळे ओले करून सांगणार, माझं घर कसं गेलं, मी दार कसं उघडलं. लोक रडायचे! आणि मी बाजूला उभी राहून पाव कापायची. मी त्याच्याकडे नोकरी का करते म्हणून गाव कुजबुजतं. कुजबुजू दे. त्या दगडांवर पाय ठेवायला दुसरी वाटच नव्हती.

पण त्या दिवशी मी ठरवूनच आले होते. त्यानं घोंगडी बाजूला केली की समितीच्या बाईंसमोर सगळं बोलायचं. नोकरी गेली चुलीत.

वरचा टप्पा नेहमीसारखा झाला. वाऱ्यानं हेल्मेटं वाजत होती, गंधकानं घसे खवखवत होते. एक जर्मन जोडपं जुन्या विवराच्या काठावर बसून सफरचंद खात होतं. उतरताना राखेच्या घसरणीवरून सगळी पोरांसारखी ओरडत धावली. ओरात्सिओ मात्र माझ्याजवळ रेंगाळला.

"वेनेरा, पोरी, एक विचारू? तुझी आत्या दारात नेमकं काय म्हणाली होती? तिचे शब्द."

"कशाला हवेत, मालक? तुम्ही रोज सांगता की काहीतरी."

"ते माझं आपलं पदरचं. आज बाई आहेत. खरे शब्द असले की कसं, काळजाला भिडतात."

चीड म्हणजे काय ते मला त्या क्षणी नीट कळलं. घर घेतलं, गोष्ट घेतली, आता शब्दही हवेत याला. नाही म्हणणार होते. मग वाटलं, घे बाबा. ते शब्द तुझ्या तोंडून बाहेर पडताना मला बघायचंय. घशात अडकू देत तुझ्या.

मी सांगितले. दोनदा म्हणवून घेतले. तोंडपाठ झाल्यावर तो हसला, "गुणाची आहेस."

आम्ही टेबलापाशी पोचलो, तर आमचा ड्रायव्हर सारीनो बाजूला उभा होता, शर्ट भिजलेला.

"आज काहीतरी वेगळंच उकडतंय इथे," तो हळूच म्हणाला. "चीज बघ."

चीजची मोठी चकती एका बाजूनं वितळून ताटलीत उतरली होती. रिकाम्या खुर्चीकडच्या बाजूनं. दुसरी बाजू घट्ट होती.

समितीच्या बाईंनी वाकून दगडाला हात लावला. "अय्या, गरम आहे हे!"

"जाड थर असला की पोटातली ऊब वर्षानुवर्षं टिकते," मी म्हणाले. "पाऊस पडला की इथून वाफा निघतात. घाबरण्यासारखं काही नाही." हे सगळं खरं आहे. मी हजारदा सांगितलंय. फक्त त्या जागेवर दुपारी सरडे पसरलेले असतात, आणि त्या दिवशी एकही नव्हता.

सगळे बसले. वांग्याची आंबटगोड भाजी फिरली, सॉसेज फिरली. बोलणी रंगेनात. जो तो कपाळ पुसत होता. मला मघापासून एक वास येत होता, तापलेली इस्त्री पांढऱ्या चादरीवर जरा जास्त वेळ राहिली की येतो तो. इथे कुठली इस्त्री?

ओरात्सिओ उठला. पेला हातात घेतला. नेहमीची गोष्ट, नेहमीचे ओले डोळे. समितीच्या बाईंनी रुमाल काढला. मग तो रिकाम्या खुर्चीकडे वळला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला:

"ये, बैस. मी ओरात्सिओ, या घराचा धनी. हे घर तुझं. माझं म्हणून जे काही आहे ते तुझं. पोटभर जेव."

त्याचं नाव त्यानं स्वतःच घातलं. आत्यानं तिथे स्वतःचं घातलं होतं, रीतच तशी आहे.

शब्द घशात अडकले नाहीत. सुरेख म्हटले त्यानं.

वारा पडला.

मग खालून आवाज आला. टेबलाच्या खालून नव्हे. दगडाच्या खालून. कुणीतरी ताटं मांडत होतं. एक, मग दुसरं, मग चमच्यांची किणकिण.

जर्मन बाईनं टाळ्या वाजवल्या. "किती छान केलंय!" बाकीच्यांनीही वाजवल्या.

ओरात्सिओ हसत हसतच माझ्याकडे वळला, दातांतून बोलला, "हे तुझं काम का? बंद कर."

"मी पाव कापतेय, मालक."

रिकामी खुर्ची पुढे सरकली. बसल्यावर माणूस सरकवतो तशी, दोन हलके झटके देऊन. खाली दगडावर तिचे पाय खरखरले.

टाळ्या थांबल्या.

खुर्चीसमोरच्या पेल्यातली वाईन कमी होऊ लागली. उकळत नव्हती, वाफ नव्हती. नुसती कमी होत गेली आणि काचेला काळा थर राहिला.

मी शास्त्र आठवत होते. खरंच सांगते, एकेक नियम आठवत होते. हात मात्र पावावरून उचलला जात नव्हता.

चादर पिवळी पडायला लागली. खुर्चीपासून सुरुवात झाली. मग तपकिरी. टेबलाच्या मधोमध एक पट्टा, हाताएवढा रुंद, सावकाश पुढे येत होता. कुणाच्याही ताटाला न शिवता. ओरात्सिओच्या ताटाकडे.

तो डावीकडे सरकला. पट्टा डावीकडे वळला.

"वेनेरा!"

मला गोड वाटत होतं, का लपवू?

पट्टा त्याच्या ताटाशी आला. चिनी मातीला तडा गेला. तो दोन्ही हात पुढे करून ओरडला, खुर्चीकडे बघून, सगळ्यांदेखत:

"माझं नाही! हे घर माझं नाही! नुत्साचं होतं, नुत्साचं! मी बांध घातला, मी वळवलं तुला! माझं घर खाली आहे, ते, ते हिरव्या खिडक्यांचं!"

आणि त्यानं बोट दाखवलं.

सगळं थांबलं.

ताटं गप्प झाली. पट्टा थांबला. खुर्ची, तितक्याच हलक्या दोन झटक्यांनी, मागे सरकली.

कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. सारीनोनं छातीवर क्रूसाची खूण केली. समितीच्या बाई उठल्या, कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "ती पाटी गाडीत ठेवा. आणि या नुत्साबाईंचं पूर्ण नाव मला कोण सांगेल?"

"मी सांगते," मी म्हणाले. अकरा वर्षांनी ते नाव त्या जागेवर मोठ्यानं उच्चारलं मी, आडनावासकट. मग खाली बसले आणि दगडावर हात टेकला.

दगड गार होता. विहिरीच्या तळासारखा गार. पोटातली ऊबसुद्धा उरली नव्हती.

ओरात्सिओचा फोन वाजला. त्याची बायको, चेत्तिना. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू येत होतं.

"जेवणाच्या खोलीत कुणाला बसवलंयस रे? दार आतून लावून घेतलंय. आणि कडीला हात लावला तर चटका बसतोय मला!"

त्यानंतर वेधशाळेत मी स्वतः जाऊन आले. त्या दिवशीचा आलेख सरळ होता. त्या आठवड्यातलाही. कुठे भेग नाही, वायू नाही, हालचाल नाही. चेत्तिना तिसऱ्या दिवशी बहिणीकडे निघून गेली. आचारी गेले. सहली बंद पडल्या.

त्यानं मला बोलावणं धाडलं, म्हणून मी एका दुपारी गेले. हिरव्या खिडक्यांचा रंग आतल्या बाजूनं फोड येऊन गळत होता. ओरात्सिओनं दार बोटभर उघडलं. भुवया जळालेल्या, ओठ सुकून भेगाळलेले, कमरेला एप्रन. आतून भट्टीसारखी धग आली आणि तोच वास, इस्त्रीचा.

"वेनेरा," तो कुजबुजला, "तिला जा कसं म्हणायचं? काहीतरी रीत असेल. तुझ्या आत्यानं काही सांगितलं होतं का?"

दया यावी म्हणून मी क्षणभर थांबून पाहिलं. नाही आली.

"आत्याकडे ती अकरा वर्षं राहिली, मालक," मी म्हणाले. "आत्या तिला जा म्हणाली नव्हती."

आत, जेवणाच्या खोलीत, रिकाम्या ताटावर चमचा वाजला. एकदाच, फार जोरात नाही.

त्यानं घाईघाईनं एप्रनला हात पुसले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि आत वळून अगदी मऊ आवाजात विचारलं, "अजून वाढू का?"