उतारावर धरलेली सायकल

मी एक्स-रे काढते. सतरा वर्षं झाली. त्यामुळे ‘वाटलं’ आणि ‘दिसलं’ यांतला फरक मला कळतो, एवढं आधीच सांगून ठेवते.

त्या रविवारी आम्ही तिघं सायकली घेऊन शहराच्या मोठ्या बागेत गेलो. नवऱ्याच्या हृदयाच्या ऑपरेशनला दहा महिने झाले होते. ‘आता सायकल चालवा, पण शर्यती लावू नका,’ असं डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मुलगी आठ वर्षांची. एका जागी टिकत नाही, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी.

सकाळचे दहा वाजले होते. नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला वास येत होता. तळ्याकाठच्या बाकांवर म्हातारी मंडळी ऊन खात बसली होती. नवरा पुढे संथ पॅडल मारत होता आणि वाऱ्याने त्याच्या शर्टाची पाठ फुगत होती. एवढंच. पण माझे डोळे भरून आले. वर्षभर मी जे मागत होते, ते माझ्यापुढे दहा हातांवर चाललं होतं.

“आई, रडतेस?” भिंगरीने विचारलं.

“चिलट गेलं डोळ्यात.”

“दोन्ही डोळ्यांत?”

नवरा मागे न बघता हसला. ते हसूही मी मनात जपून ठेवलं.

तळं संपलं की रस्ता टेकाडावर चढतो आणि पलीकडे सरळ खाली जातो. खाली बागेचं मागचं फाटक, ते कायम उघडं, आणि बाहेर लगेच ट्रकांचा रस्ता. नवरा टेकाडावर दम खायला थांबला. मी पिशवीतून त्याची पाण्याची बाटली काढेपर्यंत भिंगरी सुटली होती.

आधी तिचं हसणं ऐकू आलं. मग हाक.

“आई, ब्रेक लागत नाहीये!”

मी सायकल टाकली आणि धावत सुटले. तिची पाठ लहान लहान होत चालली होती. फाटकापलीकडून एक ट्रक गेला, त्यामागून दुसरा.

आणि आवाज बंद झाले. एक्स-रेच्या खोलीचं शिशाचं दार लावलं की बाहेरचं जग जसं तुटतं, तसे. ट्रक दिसत होते, ऐकू येत नव्हते. माझ्या चपलाही वाजत नव्हत्या.

भिंगरीची सायकल मंदावली.

मग थांबली. उताराच्या मधोमध.

ती सायकलवरच बसलेली होती. दोन्ही पाय पॅडलवर. सायकल ना डावीकडे झुकली, ना उजवीकडे. जवळपास चिटपाखरू नव्हतं.

मी पोचले आणि सीट मागून धरली. तेव्हा कुठे तिचं वजन माझ्या हातात आलं. एकीच्या कडेवरचं मूल दुसरीने घ्यावं, तसं. अलगद.

ट्रकांचा आवाज परत आला.

“किती घट्ट धरलं होतंस गं,” भिंगरी म्हणाली.

“मी आत्ता आले, बाळा.”

“नाही. मघापासून तूच होतीस. नुसती बोलत नव्हतीस.”

मी तिला उतरवून पोटाशी घेतलं. आभार कोणाचे मानायचे ते कळेना, म्हणून रिकाम्या रस्त्याकडे बघून मोठ्यानेच म्हटलं, “फार उपकार झाले.” आजही रोज म्हणते.

नवरा सायकली ढकलत सावकाश खाली आला. तोंड पांढरंफटक, पण हसत होता. आम्ही गवतावर बसलो. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तो उचलेच ना.

“तू होतीस म्हणून,” तो मला म्हणाला. “वरून बघत होतो मी. कशी पोचलीस, देव जाणे. डोळ्याचं पातं लवतंय तोवर तू सायकल धरलेली.”

तो उताराकडे बघत होता.

“आणि ती कुठे गेली?”

“कोण?”

“तुझ्या मागून धावत येत होती ती बाई. तुझ्यासारखंच पिवळं जाकीट. मला वाटलं, मदतीला येतेय. पोचली का ती?”

“मी पोचले,” मी म्हटलं.

“तू नाही गं. ती. अर्ध्या उतारापर्यंत दिसत होती, मग दिसलीच नाही.”

मी छातीवर हात ठेवला. एवढा उतार जिवाच्या आकांताने धावून आले होते, आणि मला जराही दम लागलेला नव्हता.